दरमहा 12,000 रुपयांना नकार : वडील, मुलगी आणि चरितार्थाचा अर्ज

पिंपरी-चिंचवडमधील एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून काम करणाऱ्या अडतीस वर्षांच्या विवाहित महिलेला जुलै 2024 मध्ये प्रांत कार्यालयातून नोटीस आली. तिच्या अडुसष्ट वर्षांच्या वडिलांनी ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007’ खाली अर्ज केला होता आणि तिच्याकडून दरमहा 12,000 रुपये मागितले होते. त्याआधी चार-पाच महिने ते तोंडी मागत होते आणि ती नाही म्हणत होती. अर्जात सामनेवाले म्हणून एकटीचेच नाव होते. तिच्या धाकट्या भावाचा उल्लेख अर्जात कुठेही नव्हता.

कुटुंबांच्या आर्थिक प्रश्नांवर सल्ला देण्याच्या कामामुळे हे प्रकरण माझ्याकडे आले. ओळख पटेल असे तपशील येथे दिलेले नाहीत. प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, म्हाताऱ्या आईवडिलांना पैसे देण्याचे नाकारणारे मूल दिसले की आपल्याकडे त्याच्या संस्कारांवर चर्चा सुरू होते आणि आईवडिलांकडे नेमके काय आहे, महिन्याला किती लागते, तूट किती आणि ती कुठून भरता येईल, हे कोणी कागदावर मांडतच नाही. या घरातही ते कोणी मांडले नव्हते, आणि दोन्ही बाजूंचा बराचसा संताप त्या न केलेल्या हिशेबातून आलेला होता असे माझे मत आहे.

वडिलांची परिस्थिती

वडील एमआयडीसीतील एका इंजिनिअरिंग कारखान्यात 1979 साली लागले आणि 2014 च्या मे महिन्यात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. कर्मचारी पेन्शन योजना, 1995 म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘ईपीएस पंच्याण्णव’ खाली त्यांना दरमहा 2,340 रुपये मिळतात. पस्तीस वर्षे नोकरी करून एवढीच पेन्शन कशी, असा प्रश्न मुलीलाही पडला होता आणि वडील काहीतरी लपवत असावेत असा तिचा समज होता. प्रत्यक्षात आकडा बरोबर आहे. योजना नोव्हेंबर 1995 मध्ये सुरू झाली, त्यामुळे मुख्य पेन्शनसाठी त्यांची साधारण एकोणीस वर्षेच धरली गेली. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा सप्टेंबर 2014 पर्यंत 6,500 रुपये होती. आणि सूत्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर असे आहे. 6,500 गुणिले 19 भागिले 70 म्हणजे सुमारे 1,764 रुपये, त्यावर 1995 च्या आधीच्या सेवेपोटी मिळणारी थोडी भर. या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही, म्हणून 2014 मध्ये जे 2,340 होते ते 2024 मध्येही 2,340 च राहिले. औद्योगिक पट्ट्यातून निवृत्त झालेल्या कामगारांच्या घरांत या एका गोष्टीची जाणीव फार उशिरा येते, आणि मुलांना तर बहुधा येतच नाही.

भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून त्यांच्या हाती सुमारे 11 लाख रुपये आले होते. त्यांपैकी 7 लाख त्यांनी 2015 मध्ये मुलाला मालवाहू टेम्पो घेण्यासाठी दिले. सुमारे दीड लाख 2020 मध्ये पत्नीच्या आजारपणात गेले. त्या आजारातून ती उठली नाही. उरलेल्यातले 2 लाख आज मुदत ठेवीत आहेत. मुलगा 2021 पर्यंत त्यांच्याजवळच राहत होता, नंतर बायकामुलांसह चाकणला भाड्याच्या घरात गेला. तेव्हापासून वडिलांनी एका सोसायटीत वॉचमनची रात्रपाळी केली, मुलगाही महिन्याला पाच हजार देत होता. 2023 च्या दिवाळीच्या सुमारास गुडघ्यांमुळे रात्रपाळी सुटली आणि टेम्पोचा धंदा बसल्याने मुलाचे पैसेही थांबले. मुलीकडे मागणी सुरू झाली ती त्यानंतर.

वडील राहतात ते एका जुन्या सोसायटीतील वन-बीएचके घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि त्यावर कोणतेही कर्ज नाही. ही गोष्ट पुढे निर्णायक ठरली.

मुलीची बाजू

जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स तिने शैक्षणिक कर्ज काढून केला आणि ते कर्ज स्वतःच्या पगारातून फेडले. नोकरी लागल्यापासून 2013 मध्ये लग्न होईपर्यंत तिचा बहुतेक पगार घरात गेला आणि वडिलांच्या याच घराच्या कर्जाचे शेवटच्या काही वर्षांचे हप्ते त्यातून भरले गेले. वडील हे नाकारत नाहीत. लग्नानंतर मात्र घराबद्दल काही विचारले की, ‘तुझं आता तिकडं सगळं आहे’ असे उत्तर तिला मिळत राहिले.

आज तिच्या हाती 31,000 आणि पतीच्या हाती 28,000 रुपये येतात. त्यातून घरकर्जाचा हप्ता 19,000, मुलाची शाळा आणि शिकवणी 6,500, पेन्शन नसलेल्या सासूबाईंची औषधे 3,000, आणि वाणसामान, वीज, प्रवास, विमा, सणवार असे सगळे जाऊन साधारण 4,500 रुपये उरतात. स्वतःच्या म्हातारपणासाठी दोघांकडे पीएफखेरीज काही नाही. दरमहा 12,000 द्यायचे तर कर्ज काढून द्यावे लागेल, आणि तिच्या मुलावर वीस-पंचवीस वर्षांनी हीच वेळ येईल, हे तिचे म्हणणे हिशेबाने खरे होते.

परंतु तिच्या नकारात दुसरी गोष्टही होती आणि ती तिने पहिल्याच भेटीत सांगितली: “पैसे दादाला दिले, घर दादाच्या नावावर करणार, आणि औषधपाणी मी बघायचं. मी एक रुपया देणार नाही. कोर्टात जायचं तर जाऊ देत.” भाऊ वयाने धाकटा असूनही त्या घरात त्याला लहानपणापासून सगळे दादाच म्हणत.

तिचे दुःख खरे होते आणि आजही मला ते रास्त वाटते. पण ‘एक रुपया देणार नाही’ ही भूमिका टिकणारी नव्हती, हे तिला स्पष्टपणे सांगणे भाग होते.

कायदा काय पाहतो

विवाहित मुलीवर आईवडिलांची जबाबदारी नसते हा समज आजही सर्वत्र आढळतो. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच विजया मनोहर अरबट विरुद्ध काशीराव राजाराम सवाई या खटल्यात तो खोडून काढला. हा खटला आपल्याकडचाच. मुलगी कल्याणला वैद्यकीय व्यवसाय करणारी डॉक्टर होती आणि वडिलांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली निर्वाहखर्च मागितला होता. लग्नानंतरही मुलगी मुलगीच राहते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र तिच्याकडे पतीच्या उत्पन्नाव्यतिरिक्त स्वतःचे पुरेसे साधन आहे की नाही, हे पाहावे लागेल अशी अटही घातली. ते कलम 125 आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 म्हणून आले आहे. 2007 च्या कायद्यातही ‘मुले’ या शब्दात मुलगा आणि मुलगी दोघेही येतात.

तिला सर्वांत जास्त खटकलेली बाब अशी की, वडिलांनी पूर्वी केलेला दुजाभाव हा या कायद्यात बचावाचा मुद्दा नाही. आपली सारी शिल्लक एका अपत्याला देऊन टाकणाऱ्या पालकालाही उदरनिर्वाह मागण्याचा हक्क राहतो. मला ही तरतूद योग्य वाटते. म्हाताऱ्या माणसाचे पोट त्याच्या जुन्या चुकांच्या निवाड्यावर अवलंबून ठेवणे बरोबर होणार नाही. मात्र त्याच कायद्यात तीन गोष्टी अशा होत्या ज्यांची माहिती ना अर्ज लिहून देणाऱ्याला होती, ना मुलीला.

पहिली गोष्ट कलम 4 मधील. स्वतःच्या कमाईतून किंवा स्वतःच्या मालकीच्या मालमत्तेतून जो आपला निर्वाह करू शकत नाही, त्याला अर्ज करता येतो. राहते घर विका असे कोणी वडिलांना सांगत नव्हते, आणि सांगूही नये. पण घर आहे, त्यातून काही उत्पन्न निघू शकते का, हा प्रश्न विचारणे कायद्याच्या शब्दांतच बसते. दुसरी गोष्ट कलम 5 मधील. अर्ज एकाच अपत्याविरुद्ध केला असला तरी ते अपत्य जबाबदार असलेल्या दुसऱ्यालाही त्यात सामील करून घेऊ शकते. तिसरी गोष्ट कलम 9 मधील: या अर्जांवर निर्णय देणारे न्यायाधिकरण दरमहा जास्तीत जास्त 10,000 रुपयेच मंजूर करू शकते. 12,000 ची मागणी मुळात मंजूर होण्याजोगीच नव्हती.

मुलाला दिलेले 7 लाख परत मिळवण्याचा विचार वडिलांच्या मनात नव्हता, मुलीच्या मनात मात्र होता. कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत मिळवता येते. पण ती अट होती हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रमती देवी या निकालात तेच सांगितले. येथे रोख रक्कम विश्वासाने दिलेली, अट कोणतीही नाही, कागद कोणताही नाही. तो विषय मी तेथेच थांबवला.

वही आणि फाईल

मुलीच्या संमतीने मी वडिलांना भेटलो. त्यांच्याकडे एक दोनशेपानी वही होती, तिच्यात रोजचा खर्च पेन्सिलीने लिहिलेला: दूध, भाजी, रिक्षा, गोळ्या. कारखान्यात स्टोअरमध्ये काम केलेल्या माणसाची ती सवय होती आणि त्या वहीने अर्ध्याहून अधिक काम सोपे केले. सहा महिन्यांची सरासरी काढली तेव्हा वाणसामान, दूध, भाजी आणि गॅस 4,500, औषधे आणि तपासण्या 2,900, सोसायटीचा मेंटेनन्स 1,100, रिक्षा-बस 800, वीज 700, मिळकतकर महिन्याच्या हिशेबाने 350, मोबाईल 250 आणि किरकोळ 1,200, असे 11,800 रुपये आले. उत्पन्न पेन्शनचे 2,340 आणि ठेवीच्या व्याजाचे साधारण 1,150, म्हणजे 3,490. तूट 8,310 रुपयांची. मागणी 12,000 ची का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “महिन्याला बारा हजार लागतात म्हणून बारा मागितले.” स्वतःचे उत्पन्न वजा करायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरी वस्तू म्हणजे प्लॅस्टिकची निळी फाईल. तिच्यात सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, पेन्शनचा कागद, हयातीच्या दाखल्याच्या पावत्या आणि नामनिर्देशनाचा फॉर्म होता. फॉर्मवर फक्त मुलाचे नाव होते. नामनिर्देशन केले म्हणजे मालकी त्याचीच झाली असे नाही आणि मृत्युपत्र नसल्यास मुलगा-मुलगी दोघेही सारखेच वारस आहेत, हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटले. मुलीचा नकार त्या फॉर्ममुळे पक्का झाला होता हेही मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “तिचे हप्ते मी विसरलो नाही. पण पोराला घर नाही.” त्या उत्तरात मुलीबद्दल आकस नव्हता, ज्याचे कमी त्याला जास्त द्यायचे, एवढाच त्यांचा न्याय होता. तो न्याय मला पटला नाही, परंतु त्यामागचा माणूस मला त्या दिवशी समजला.

सरकारी योजनांतून फारसे हाती लागले नाही. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये होती आणि त्यांची पेन्शनच वर्षाला 28,080 होते. म्हणजे तुटपुंजी पेन्शन असल्यामुळेच ते मदतीबाहेर गेले. आयुष्मान भारतमधील सर्व ज्येष्ठांसाठीची सोय सत्तरीनंतरची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मात्र 2024 पासून सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झालेली असल्याने मोठ्या आजारपणाची निम्मी भीती कमी झाली. रेशनकार्ड आणि आधारवरील नावातला फरक दुरुस्त करून घेणे तेवढे बाकी होते.

पर्याय

घर विकून लहान गावात स्वस्त घर घ्यायचे आणि उरलेले पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचे, हा कागदावरचा सर्वांत भक्कम पर्याय होता. 8.2 टक्क्यांनी 15 लाखांवर दर तिमाहीला 30,750 रुपये, म्हणजे महिन्याला 10,250 मिळाले असते आणि कोणाकडे हात पसरावा लागला नसता. वडिलांनी तो ठामपणे नाकारला. पस्तीस वर्षांची ओळखपाळख, डॉक्टर, सकाळी बागेत भेटणारी माणसे, सगळे तेथेच होते. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या एकट्या माणसाला अनोळखी गावी नेऊन बसवणे मलाही योग्य वाटले नाही. घरावर रिव्हर्स मॉर्गेज घेण्याची, म्हणजे घर बँकेकडे तारण ठेवून त्यात राहतच ठरावीक रक्कम घेत राहण्याची शक्यता, घर मुलालाच मिळावे या वडिलांच्या आग्रहापुढे चर्चेतच आली नाही.

चालण्यासारखा मार्ग वडिलांच्या शेजाऱ्यांनी सुचवला. त्या भागात कारखान्यांत काम करणाऱ्या, शिकणाऱ्या मुलांना कॉट बेसिसवर खोल्या देण्याची पद्धत जुनी आहे. वडिलांनी हॉलमध्ये झोपायचे आणि बेडरूम दोघांना प्रत्येकी 3,500 रुपयांनी द्यायची, म्हणजे महिन्याला 7,000. सोसायटीच्या कमिटीने बॅचलर मुलांना आधी हरकत घेतली. पोलीस पडताळणी, लेखी करार आणि रात्री अकरानंतर पाहुणे नाहीत, या अटींवर ती मिटली. वडिलांना प्रारंभी यात कमीपणा वाटत होता आणि परक्या मुलांपुढे स्वयंपाकघर उघडे टाकावे लागेल याचा संकोचही.

समेट

सुनावणीपूर्वी न्यायाधिकरण प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते आणि तेथे तोडगा निघाल्यास त्याप्रमाणे आदेश होतो. मुलीने भावाला सामील करून घेण्याचा अर्ज दिला, त्यामुळे तिघेही एका टेबलापाशी बसले. 2021 नंतर ते प्रथमच एकत्र बसले होते.

मुलीने दरमहा रोख रक्कम देण्यास दिलेला नकार शेवटपर्यंत कायम ठेवला आणि त्याचे कारण लेखी दिले: रोख दिली की ती टेम्पोच्या हप्त्याकडे वळते, हे 2015 पासून घडत आले आहे. त्याऐवजी औषधे आणि तपासण्यांची संपूर्ण जबाबदारी तिने घेतली. नर्स असल्याने त्यातले तिला कळते. डॉक्टरांना विचारून मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतल्यावर 2,900 चा खर्च साधारण 1,200 वर आला. ‘स्वस्त औषधाला गुण येत नाही’ हा वडिलांचा हट्ट मोडायला दोन महिन्यांचे साखरेचे रिपोर्ट लागले. मुलाने दरमहा 3,000 देण्याचे मान्य केले. ऑक्टोबर 2024 मध्ये तसा आदेश झाला.

हिशेब मांडताना मी मुलाचे 3,000 मुद्दाम धरले नाहीत. औषधे वजा जाता वडिलांचा खर्च 8,900, भाडेकरूंमुळे वीज-गॅसचे वाढीव 600, एकूण 9,500. उत्पन्न 3,490 अधिक 7,000, म्हणजे 10,490. मुलाने काही दिले नाही तरी घर चालेल अशी ही मांडणी होती. एक कॉट रिकामी राहिली तर मात्र 2,510 रुपयांची तूट येते, आणि ती मुलाच्या पैशांतून किंवा ठेवीतून भरावी लागते.

या नकाराकडे मी कसे पाहतो हे सांगणे आवश्यक आहे. तिने 12,000 दिले असते तर वडिलांची रिकामी खोली रिकामीच राहिली असती, भाऊ हिशेबाबाहेरच राहिला असता आणि तिचे स्वतःचे कुटुंब कर्जात गेले असते. तिने पहिल्या दिवशीची ‘एक रुपया नाही’ ही भूमिका धरून ठेवली असती तर मधुमेह असलेला एक म्हातारा माणूस गोळ्या अर्ध्या करून खात बसला असता; तिच्या वडिलांनी नोटिशीआधीचे दोन महिने तसे केलेही होते, आणि तिला ते वही पाहिल्यावर कळले. या दोन टोकांमध्ये आपण नेमके काय देऊ शकतो, हे तिने स्वतः ठरवले. पैशाला नाही म्हणणे आणि वडिलांना नाही म्हणणे यांतला फरक तिने कृतीतून राखला, म्हणून मी तिच्या निर्णयाच्या बाजूने आहे.

नंतर

जानेवारी 2025 मध्ये एक मुलगा नोकरी बदलून गेला आणि एक कॉट दोन महिने रिकामी राहिली. त्याच दोन महिन्यांत भावाचे पैसेही आले नाहीत. वडिलांनी मुलीला फोन केला, तिने रोख देणार नाही असे सांगितले आणि ठेवीतून 5,000 काढायला लावले. मार्चमध्ये नवा भाडेकरू आला. थकलेल्या 6,000 रुपयांच्या वसुलीसाठी वडिलांना मुदतीत न्यायाधिकरणाकडे जाता येते. थकबाकीदाराविरुद्ध वॉरंट निघू शकते, हे त्यांना समजावून सांगितले आहे. त्यांनी अर्ज केलेला नाही आणि करणार नाही असे ते म्हणतात. मुलीला याचा राग येतो, कारण तिच्याविरुद्ध अर्ज करताना त्यांचा हात थरथरला नव्हता.

नामनिर्देशनाचा फॉर्म बदललेला नाही आणि मृत्युपत्रही केलेले नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती औषधे घेऊन जाते, साखर तपासते आणि वहीतले आकडे पाहते. 2026 मध्ये वडील सत्तरीत प्रवेश करतील, तेव्हा आयुष्मानचे कार्ड काढायचे आहे. त्याचे कागद तिने आताच निळ्या फाईलमध्ये लावून ठेवले आहेत.